वाड्याबाहेर राहिलेला गुप्तहेर

सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबात कुणाच्या घरात काय शिजतंय हे कळायला गुप्तहेर लागत नाही. सोयरीक जुळवायची असली की पाव्हण्यारावळ्यांत चौकशी लावतात आणि दोन पिढ्यांची कुंडली संध्याकाळपर्यंत हाती येते. तरी एसटी स्टँडवरच्या स्टॉलांनी आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांनी हेरकथा तालुक्यातालुक्यांत पोचवल्या. माणसं त्या रात्र-रात्र जागून वाचत. त्या वाचनाचा मागोवा घेतला की एक गोष्ट खटकते. आपला गुप्तहेर जगभर हिंडला, पण वाड्याच्या माजघरात क्वचितच शिरला.

मराठी रहस्यकथेची सुरुवात तशी घरातूनच झाली होती. गोविंद नारायण दातारशास्त्री (1873–1941) यांच्या एका कादंबरीचं नावच ‘बंधुद्वेष’. पण दातारांचा ओढा जुन्या काळाकडे, गुहा-गडांकडे होता. पुढे बाबूराव अर्णाळकरांनी बाजार काबीज केला. 1936 ते 1984 या काळात त्यांच्या 1,092 रहस्यकथा पुस्तकरूपाने आल्याची नोंद गिनेस बुकात झाली. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांच्या पात्रांची नावं घराघरांत गेली. वाचकाला हवी होती मुंबई आणि तिथली थरारक धावपळ. गावच्या भाऊबंदकीत त्याला नवल वाटत नव्हतं, ती तो रोजच पाहत होता.

गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप तर थेट सरहद्दीकडे निघाला. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास वकील. त्याच्यामुळे रहस्य कोर्टात आलं. आरोपी, साक्षीदार, उलटतपासणी या वाटेने कुटुंबातली भांडणं थोडीफार उजेडात आली. श्रीकांत सिनकरांनी पोलिसांच्या खऱ्या तपासांवर लिहिलं. पण पैसे घेऊन घरातलंच गुपित शोधणारा खासगी हेर आपल्याकडे रुजला नाही.

गंमत म्हणजे तो इथेच, पण दुसऱ्या भाषेत लिहिला जात होता. व्योमकेश बक्षी 1932 साली बंगालीत अवतरला. त्याचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय सिनेमासाठी मुंबईत आले आणि 1952 पासून पुण्यात राहिले. मधली अनेक वर्षं बाजूला ठेवलेला व्योमकेश 1951 नंतर त्यांनी पुन्हा हाती घेतला. वारसाहक्क, लपवलेली नाती, घरातल्याच माणसाने केलेला घात हे त्या कथांचं खाद्य. ते पुण्यात बसून लिहिलं जात असताना मराठी वाचक झुंजारच्या मागे धावत होता.

प्रत्यक्षात मात्र कौटुंबिक गुपितं शोधणारी मराठी हेर झाली. रजनी पंडित मुंबईत अनेक वर्षं हा व्यवसाय करत आल्या. खुनाच्या एका प्रकरणात संशयित बाईच्या घरी आपण सहा महिने मोलकरीण म्हणून काम केलं, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलंय. या धंद्यासाठी कायदा करायचं विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

आणि करकंबच्या परिसरात? उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस आला, जमिनीचा भाव चढला. 1994 मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत भावांबरोबर हक्क दिला, 2005 मध्ये तो देशभर लागू झाला. तेव्हापासून बहिणींच्या सह्यांना मोल आलं. हक्कसोडपत्र दिवाळीच्या माहेरपणात कसं पुढे सरकवलं जातं, चुलत्याचं नाव वारसनोंदीत कधी आलं, एखाद्या दुसऱ्या बायकोचं नाव कुठे गळलं, यात कादंबरीचं सगळं कथानक दडलेलं असतं. तलाठ्याकडची फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना 6, आणि वारसांची 6-क ही अशा कथेतल्या हेराची खरी साधनं. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी झाली, हे फेरफारात सापडतं. ज्यांची नोंदच झाली नाही, त्यांच्यापर्यंत मात्र माणसांना विचारत विचारतच पोचावं लागतं.

गावाला सगळं माहीत असतं, म्हणून हेराला काम नाही, असा समज इतकी वर्षं चालला. पण माहीत असणं आणि मोठ्याने बोलणं यांत फार अंतर आहे. चहाच्या टपरीवर जे सगळे कुजबुजतात, ते पंचनाम्यात किंवा कोर्टात कुणी सांगत नाही. काय घडलं हे शोधायला गावात फार वेळ लागत नाही. ते कुणाला तरी बोलायला लावण्यातच खासगी हेराचा कस लागेल. मराठी रहस्यकथेचं हे काम अजून शिल्लक आहे.