उभे राहताच चक्कर? आधी मोजून पाहा

दर काही आठवड्यांनी ताप, पोटात असह्य दुखणे, कधी छातीत कळ, आणि दोन-तीन दिवसांत सारे शांत. ‘फॅमिलिअल मेडिटरेनियन फीव्हर’ या आनुवंशिक दाहविकाराची ही लक्षणे. तुर्की, आर्मेनियन, अरब आणि ज्यू समाजांत तो जास्त आढळतो, आपल्याकडे विरळा. त्यामागचे एमईएफव्ही जनुक १९९७ मध्ये सापडले.

काही रुग्णांना ताप नसतानाही त्रास होतो. उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, धडधड होते, गळून गेल्यासारखे वाटते. ‘अशक्तपणा आहे’, ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून त्यांची बोळवण होते.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. स्वायत्त मज्जासंस्था लगेच रक्तवाहिन्या आवळते, नाडी थोडी वाढवते. या आजारात हे नियंत्रण बिघडते का? काही अभ्यासांत बिघाड दिसला, तर गुंतागुंत नसलेल्या रुग्णांच्या काही अभ्यासांत दिसला नाही. म्हणून अंदाज नको, मोजमाप हवे.

पाच मिनिटे आडवे राहून रक्तदाब आणि नाडी मोजावी. मग उभे राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावी. वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर तो दोष आहे. रक्तदाब न उतरता दहा मिनिटांत नाडी ३० ठोक्यांनी वाढली आणि त्रास तीन महिन्यांहून जुना असेल, तरीही डॉक्टरांना सांगावे. चक्कर येत असेल तर सोबत कोणीतरी हवे.

कारणे इतरही असतात. कोल्चिसिन या मुख्य औषधाने जुलाब होऊन अंगातले पाणी कमी होते. दाह वर्षानुवर्षे आटोक्यात नसेल तर अमायलॉइड नावाचे प्रथिन मूत्रपिंडात, क्वचित अधिवृक्क ग्रंथींतही साचते आणि रक्तदाब उतरू शकतो. त्यामुळे लघवीतील प्रथिनांची तपासणी नियमित करावी.

मूत्रपिंडाचा रक्षक असलेले कोल्चिसिन मनाने बंद करू नये, वाढवूही नये. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकसोबत ते घातक ठरू शकते. हेच द्रव्य आपल्या कळलावीच्या कंदात असते, पण तो कंद विषारी आहे, औषध म्हणून खाऊ नये.

पाणी भरपूर प्यावे, हळूहळू उठावे, उठण्यापूर्वी पोटऱ्या हलवाव्यात. मीठ वाढवायचे का, हे मात्र मूत्रपिंडाची तपासणी पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.