अवांतर म्हणजे काय?

'अवांतर' हा शब्द मोठा फसवा आहे. सभेत कोणी विषय सोडून बोलू लागला की आपण 'अवांतर नको' म्हणून त्याला खाली बसवतो. आणि शाळेतले खेळ, नाटक, वक्तृत्व, हस्तलिखित मासिक, स्काउटची पथके या साऱ्यांना मात्र 'अवांतर कार्यक्रम' हेच नाव देऊन ठेवतो. मग दहावीच्या वर्गाचा गणिताचा भाग मागे पडला की पहिली कुऱ्हाड खेळाच्या तासावर पडते, यात नवल ते काय? माध्यमिक शिक्षणासाठी १९५२ साली नेमलेल्या मुदलियार आयोगाने हे कार्यक्रम शिक्षणाचेच अंग मानले होते. त्याला सत्तर वर्षे उलटून गेली, तरी गणिताचे मास्तर खेळाचा तास मागून घेतातच, आणि खेळाचे मास्तर तो देतातही.

मी हे बोलतो आहे ते गडचिरोली जिल्ह्यातले कुरखेडा डोळ्यांपुढे ठेवून. सती नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तोवर हा मुलूख चंद्रपुरातच मोडत असे. भोवती धानाच्या बांध्या, त्यांच्या पलीकडे जंगल. इथल्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्या घरी कुठे गोंडी बोलतात, कुठे झाडीबोली, तर पूर्वेकडच्या गावांत छत्तीसगढी. पुस्तकातली मराठी ही यातल्या कोणाचीच घरची भाषा नाही. अशा वर्गात मागच्या बाकावरचे एखादे पोरगे वर्षभर तोंड उघडत नाही. शिक्षकांना वाटते, याला काही येत नाही. पुष्कळदा उत्तर त्याला येत असते. पण ते ज्या भाषेत येते, ती वर्गात चालत नाही.

तेच पोरगे स्नेहसंमेलनात दंडारीला उभे राहिले, की ओळखू येत नाही! आणि यावेही कसे? ते झाडीपट्टीत वाढलेले आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, कुठे शंकरपट होतो, आणि रात्री मांडवात नाटक. वडशाच्या नाटक मंडळ्या या हंगामात गावामागून गाव घेतात आणि प्रयोग उजाडेपर्यंत चालतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ते कुरखेडा तालुक्यातल्याच गुरनोलीचे. म्हणजे नाटक ही इथे शहरातून आणावी लागणारी वस्तू नव्हे. ती घराच्या ओसरीवर आहे. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग पेंगतो ही शिक्षकांची तक्रार खरीच आहे. पण रागावण्यापेक्षा त्यांतल्या एकाला उभे करून 'काल काय पाहिलंस, सांग बरं' असे विचारले, तर मराठीचा तो तास फुकट जाईल असे मला वाटत नाही.

नाटकाने नेमके काय होते, हेही जरा पाहू. वर्गातले वाक्य मूल एकदा ऐकते आणि एकदा लिहिते. तालमीत तेच वाक्य त्याला तीस-चाळीस वेळा मोठ्याने म्हणावे लागते. कुठे थांबायचे, कुठे जोर द्यायचा हे कळल्यावाचून ते सुटत नाही. शिवाय चूक झाली तर ती पात्राची होते, आपली नव्हे, असा एक आडोसा त्याला मिळतो. प्रमाण मराठीची भीती या आडोशाने जेवढी जाते, तेवढी व्याकरणाच्या तासाने जात नाही. महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आलेली मुले मी पाहतो. शाळेत एकदा तरी रंगमंचावर उभा राहिलेला मुलगा हजेरीच्या 'हजर' शब्दावरूनही ओळखता येतो.

आता खरी अडचण सांगतो. तालीम नेहमी शाळा सुटल्यावर ठेवतात. वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांना त्याचे काही नाही. त्यांची संध्याकाळ मोकळीच असते, कित्येकदा फार मोकळी. पण खेड्यावरून सायकलीने किंवा एस.टी.ने येणाऱ्यांचे काय? हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, वाट जंगलातली. मुलींसाठी मानव विकास योजनेच्या गाड्या आहेत, ही मोठीच सोय. पण गाडी तालमीसाठी थांबत नाही. परिणाम असा, की नाटकातली पात्रे गुणांवर ठरत नाहीत, एस.टी.च्या वेळापत्रकावर ठरतात. गावातल्या चार मुलांना दरवर्षी भूमिका, आणि बाहेरगावची मुलगी दरवर्षी टाळ्या वाजवायला! ती 'अवांतर' गोष्ट, म्हणून याची कोणी दादही घेत नाही.

आयर्लंडमध्ये १९७४ सालापासून एक निराळीच पद्धत आहे. तिथे माध्यमिक शाळेचा पहिला टप्पा संपल्यावर, पंधरा-सोळाव्या वर्षी, मुलांना एक अख्खे वर्ष घेता येते. त्या वर्षाअखेर मोठी परीक्षा नाही. नाटक बसवावे, समाजसेवा करावी, एखाद्या दुकानात किंवा कचेरीत काही दिवस राबून कामाचा अनुभव घ्यावा. कामाच्या अनुभवापुरते म्हणाल तर आमची मुले आयर्लंडच्या पुढेच आहेत! आषाढ-श्रावणात धानाची रोवणी, चैत्रात मोहफुले, वैशाखात तेंदूपत्ता. फरक इतकाच, की तिकडे या अनुभवाला शाळेत जागा आहे आणि इकडे त्याची नोंद गैरहजेरीच्या रकान्यात होते.

संधी मिळाली तर ही मुले कुठवर जातात, हे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात दिसलेच आहे. मे २०१८ मध्ये तिथल्या आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. अभिमानाची गोष्ट, पण त्यामागे निवड होती, कित्येक महिन्यांचे शिक्षण होते, सरकारी खर्च होता. राज्यात शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आहेत. त्यांतल्या सामान्य पोराला शिखर नको आहे. त्याला रोज संध्याकाळी एक चेंडू आणि तो खेळवणारा माणूस हवा आहे.

चित्रकला, खेळ, लोककला यांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. परंतु लोककलेच्या गुणांना संस्थेचे प्रमाणपत्र लागते, आणि आजोबांच्या मागे उभे राहून दंडार शिकलेल्या मुलाला प्रमाणपत्र कोण देणार? हे काम शाळेनेच पुढे होऊन एखाद्या मान्य संस्थेला गाठून केले पाहिजे. तालमीचे कोडे त्या मानाने सोपे आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. दिवाळीनंतर स्नेहसंमेलनापर्यंत शनिवारचे शेवटचे दोन तास तालमीला द्यावेत, आणि पात्रे निवडताना प्रथम लांबच्या गावांची नावे पुकारावीत.