खांद्याचे पाते आणि त्यास पेलणारे स्नायू

बल्लारपूर परिसरातील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ खांद्याच्या बळावर चालतो. येथे 1945 साली कागद कंपनी स्थापन झाली व रानातील बांबूला गावाच्या अर्थजीवनात मोठे स्थान मिळाले. बांबूच्या मोळ्या असोत, तेंदूपानांचे गठ्ठे असोत वा सिमेंटची पोती, तो भार वाहण्याचे काम माणसाच्या खांद्याकडेच येत राहिले. म्हणून त्या खांद्यामागील एका हाडाची ओळख वाचकांस करून देणे आम्हांस उचित वाटते.

पाठीच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंस असलेल्या या चपट्या, त्रिकोणी हाडास शरीरशास्त्रात अंसफलक म्हणतात. बोलण्यात त्यास खांद्याचे पाते किंवा फरा म्हणतात. ते साधारणपणे दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर विसावलेले असते. मात्र बरगड्यांशी वा कण्याशी त्याचा हाडांचा सांधा नसतो. धडाच्या सांगाड्याशी त्यास जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे गळ्याजवळील हाडाच्या टोकाशी असलेला लहानसा सांधा. बाकी सारी भिस्त स्नायूंवर. या पात्यास एकूण 17 स्नायू जोडलेले असतात.

मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला ट्रॅपीझियस पाते वर उचलतो व फिरवतो. ऱ्हॉम्बॉइड स्नायू त्यास कण्याकडे ओढतात, तर बरगड्यांपासून निघणारा सेरेटस अँटीरियर त्यास छातीशी घट्ट धरून ठेवतो. 'रोटेटर कफ' या नावाने ओळखले जाणारे चार स्नायू दंडाच्या हाडाचा गोळा पात्याच्या उथळ खोबणीत स्थिर राखतात. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या सुमारे 180 अंशांच्या हालचालीपैकी अंदाजे 120 अंश खांद्याच्या सांध्यात, तर 60 अंश पात्याच्या सरकण्याने साधतात. पाते अडले, की हातही अडतो.

सेरेटस स्नायूची मज्जातंतू छातीच्या कडेने उघड्यावर उतरते. खांद्यावरील जड ओझ्याच्या दीर्घकाळच्या दाबाने तिला इजा होऊ शकते. अशा रुग्णास दोन्ही हातांनी भिंत ढकलावयास सांगितल्यास पाते पंखासारखे मागे उचलले जाते. साध्या एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. स्नायू व मज्जातंतूंची इजा दिसत नाही. म्हणून 'फोटो चांगला आला' एवढ्यावरून दुखणे नाही असे मानू नये. यांतील बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना, नियमित व्यायामाने सुधारतात. परंतु त्यास अनेक महिने लागू शकतात. हातावर पोट असणाऱ्यास एवढा धीर परवडत नाही, आणि अर्धवट उपचारानंतर तो पुन्हा ओझे उचलतो. येथेच कायमचे अपंगत्व येण्याची भीती असते.

नातेवाइकांनी रुग्णाचा हात बळाने ओढू नये, जोराने चोळू नये. सांगितलेले व्यायाम मात्र चुकू देऊ नयेत. पात्यातील प्रत्येक वेदना स्नायूचीच असते, असेही नाही. पित्ताशयातील खड्यांची कळ उजव्या पात्याखाली जाणवू शकते. छातीत दडपण, घाम वा धाप यांसह पाठीत कळ आल्यास हृदयविकाराची शक्यता धरून रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे.

दात्यांस आमची नम्र विनंती, की व्यायामोपचार विभागास साहाय्य करताना यंत्रसामग्रीबरोबरच दूरच्या गावांतील रुग्णांच्या प्रवासखर्चाचाही विचार व्हावा. अनेकदा उपचार पूर्ण होणे वा न होणे त्या भाड्यावरच अवलंबून असते.