बांधीतले वाण बांधीतच: डॉ. रिछारियांचे काम

धानाचे देशी वाण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या हातून निवडत आलेले बियाणे. छत्तीसगडच्या एकाच शिवारात माथ्यावर मुरमाड भाठा, तिच्या खाली मटासी, मग डोरसा आणि सखलात काळी कन्हार अशा चार जातींच्या जमिनी लागतात. माथ्यावर पाणी ठरत नाही, तिथे लवकर निसवणारे धान लागते. सखलात पाणी साचून राहते, तिथे उशिरा पिकणारे. त्यामुळे दोन-तीन एकरांचा धनीसुद्धा दोन-तीन वाणे राखून असतो. एखादे पावसाने दगा दिला तरी हाती लागावे म्हणून, एखादे सणाच्या दिवशी शिजताना घरभर वास सुटावा म्हणून. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीला हे नवे नाही. १९५६ पर्यंत हा सगळा धानपट्टा एकाच राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती.

या पट्ट्यातली धानाची वाणे गोळा करण्यात डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया (१९०९–१९९६) यांची अनेक वर्षे गेली. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेले हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९५९ मध्ये कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. पुढच्याच वर्षी फिलिपिन्समध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिचे आयआर-८ हे बुटके, खताला जोरदार साथ देणारे वाण १९६६ मध्ये आले. बाहेरून येणाऱ्या वाणांबरोबर इथे नसलेले रोगही येतील, पुरेशी तपासणी झाल्याशिवाय ती शेतात जाऊ नयेत, असे रिछारियांचे म्हणणे होते. त्या भूमिकेपायी त्यांना सक्तीने निवृत्त व्हावे लागले. त्याविरुद्ध ते ओडिशा उच्च न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे लढले. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या टुंग्रो रोगाने पुढे याच नव्या वाणांची मोठी हानी केली. त्यांचा इशारा अनाठायी नव्हता.

सत्तरच्या दशकात मध्य प्रदेश सरकारने रायपूरच्या धान संशोधन संस्थेची जबाबदारी त्यांच्याकडे दिली. माणसे थोडी, पैसा त्याहून थोडा. तरी गावोगाव फिरून त्यांनी एकोणीस हजारांच्या आसपास नमुने जमवले. प्रत्येकाबरोबर गावाचे नाव, जमिनीची जात आणि शेतकऱ्याने सांगितलेले गुण टिपले. दुबराज, विष्णुभोग, बादशाहभोग ही वासाची धाने, गठुवन आणि लायचा ही औषधी म्हणून मानलेली. काही देशी वाणे उत्पादनातही नव्या वाणांच्या तोडीची निघाली. देशी म्हणजे कमी पिकणारे, हा समज त्यांनी आकडे मांडून खोडला.

जांभळ्या पानांच्या धानाकडे पाहिले की या विविधतेचा उपयोग चटकन कळतो. छत्तीसगडमध्ये धान बरेचसे फेकून पेरतात, झाडीपट्टीत ज्याला आवत्या म्हणतात तसे. त्यात करगा नावाचे रानटी धान उगवते. लोंबी येईपर्यंत ते खऱ्या धानासारखेच हिरवे दिसते आणि दाणे पक्व होताच गळून पुढच्या वर्षाची पेरणी स्वतःच उरकते. निंदणाऱ्या बाईला ओळखणार कसे? बांधीत जांभळ्या पानांचे वाण पेरले, की जे हिरवे दिसेल ते करगा. उपटून टाकायचे. असा गुण जपलेला नसता तर तो मागाहून आणायचा कुठून?

नमुने पुड्यांत भरून शीतगृहात ठेवले की काम झाले, असे रिछारिया मानत नव्हते. पुडीतले बी जिवंत राहते, पण बदलत्या पावसाशी, किडींशी त्याची ओळख थांबते. बांधीत दरवर्षी पेरलेले वाण बदलत, जुळवून घेत जाते. म्हणून १९७७ च्या आराखड्यात त्यांनी ठिकठिकाणी ‘अनुकूली धान केंद्रे’ सुचवली: त्या त्या भागातली वाणे त्याच मातीत वाढवायची, शेतकऱ्यांनी ती पाहून निवडायची. जोडीला एक साधे तंत्र होते. धानाच्या ठोंबाचे फुटवे वेगळे करून एकेक लावायचा, म्हणजे संकरित रोपाचा जोम बी विकत न घेता टिकतो. १९६२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी ते मांडले होते. मोठ्या जमीनदारापेक्षा घरच्या माणसांनी लावणी करणाऱ्या लहान शेतकऱ्याला ते अधिक सोयीचे.

केंद्रांचा आराखडा कागदावर राहिला आणि ती संस्थाही बंद झाली. संग्रह मात्र वाचला. तो पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आला. २००२ मध्ये सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी या संग्रहाबाबत करार होत असल्याची बातमी फुटली. शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरमध्ये कंपनीने माघार घेतली. रिछारियांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

झाडीपट्टीत त्यांच्या म्हणण्याचा पुरावा एका शेतकऱ्याने दिला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या आणि वर्षामागून वर्षे पेरून, निवडून त्यांतून बारीक दाण्याचे वाण घडवले. तेच आज घरोघरी शिजणारे एचएमटी. त्या वेळी दादाजींच्या मालकीची जमीन जेमतेम दीड एकर होती.