चॉम्स्कींच्या व्याकरणाने काय बदललं

मराठी घरातलं लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं. मोठ्यांच्या तोंडून त्याने ‘केलं’च ऐकलेलं असतं, ‘धरलं’, ‘भरलं’ यांतला नियम मात्र त्याने स्वतःच हेरलेला असतो. भाषा म्हणजे निव्वळ अनुकरण आणि सवय, हे वर्तनवाद्यांचं म्हणणं इथे तोकडं पडतं. १९५७ साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोटेखानी पुस्तकात नोम चॉम्स्की यांनी प्रश्नच बदलला: मोजक्या नियमांतून अगणित वाक्यं कशी निर्माण होतात? दोन वर्षांनी त्यांनी वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या भाषेवरच्या पुस्तकाचं खरपूस परीक्षण लिहिलं. मानसशास्त्रात मनाच्या अभ्यासाला पुन्हा मान मिळाला, त्यात या परीक्षणाचा वाटा मोठा. माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोलाचं काम. त्यांनी मांडलेली, साध्यापासून गुंतागुंतीच्या नियमांपर्यंत जाणारी व्याकरणांची उतरंड संगणकशास्त्रात आजही शिकवली जाते. पाणिनीच्या व्याकरणाकडेही वाक्यं निर्माण करणारे नियम या दृष्टीने पाहता येतं, हे त्यांनी १९६५च्या पुस्तकात नमूद केलं. व्याकरणाचा आराखडा जन्मजात असतो, या त्यांच्या दाव्यावर मात्र वाद अजून मिटलेला नाही. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या पिराहा भाषेच्या आधारे डॅनियल एव्हरेट यांनी २००५ साली त्याला थेट आव्हान दिलं.