मांजरीची नसबंदी झाली, आता टाक्यांची काळजी कशी घ्याल?

नसबंदी करून मांजरी घरी आली की अनेक घरांत आधी हळदीचा डबा उघडला जातो. तो बंदच ठेवा. जखमेवर हळद, मलम, डेटॉल काहीही लावू नका. लावलेलं सगळं मांजरी चाटते आणि तिच्या खरखरीत जिभेने टाके उसवू शकतात. डेटॉल पोटात गेलं तर विषबाधाही होते.

जखम भरायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. तोवर गळ्यात कॉलर हवीच. दया येऊन काढू नका. अंघोळ, उड्या, जिने टाळा.

दिवसातून दोनदा टाके पाहा. सुरुवातीला थोडी लाली, हलकी सूज चालते. पण पू, दुर्गंधी, रक्त, वाढती सूज किंवा उघडी जखम दिसली, किंवा तिने दिवसभर काही खाल्लं नाही, तर लगेच डॉक्टर गाठा.

सर्वात महत्त्वाचं: दुखतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरीचं यकृत ते नीट पचवू शकत नाही. एक गोळीही जीव घेऊ शकते. वेदनेचं औषध फक्त पशुवैद्यांनी दिलेलंच द्या.