गोव्यातल्या एका बाबांनी मुलीसाठी बनवलेला ‘माँ रोबोट’ कसा काम करतो?

दिव्यांग मुलांसाठीचे रोबोट म्हटलं की पायाला बांधून चालायला शिकवणारी हॉस्पिटलमधली महागडी मशीन आठवतात. पण आज एका घरगुती रोबोटबद्दल बोलूया.

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या बेतोड्याचे बिपिन कदम रोजंदारीवर काम करतात. त्यांच्या मुलीला हात उचलता येत नाहीत. आई भरवायची, पण तीच अंथरुणाला खिळली. मग मुलीला जेवू घालायला बाबांना काम सोडून घरी यावं लागायचं. विकत मिळेल असा रोबोट त्यांना सापडला नाही. शेवटी दिवसभर काम करून, उरलेल्या वेळात ऑनलाइन शिकून त्यांनी स्वतःच एक बनवला. 2022 मध्ये ही बातमी देशभर गाजली आणि गोवा राज्य नवोन्मेष परिषदेने पुढच्या कामासाठी त्यांना मदत दिली.

हे चालतं कसं?

मुलगी बोलून सांगते, भाजी हवी की वरण-भात. तो पदार्थ रोबोट तिला भरवतो. आवाजावर चालणाऱ्या अशा मशीनला सगळी भाषा समजायची गरज नसते, ठरावीक चार-पाच शब्द ओळखले तरी भागतं. कोणत्या शब्दाला चमचा कुठे न्यायचा, हे आधीच सेट करून ठेवता येतं. मोटर सांगितलेल्या कोनापर्यंत फिरते आणि थांबते. भरवणाऱ्या बऱ्याच रोबोटमध्ये चमचा तोंडात घुसत नाही, तोंडासमोर येऊन थांबतो. घास मूल स्वतः घेतं. तरीही ठसका लागू शकतो, म्हणून मोठं माणूस जवळ हवंच.

मग फायदा काय?

आता पुढचा घास कशाचा आणि कधी, हे मूल ठरवतं. आपल्याला ही गोष्ट किरकोळ वाटते, कारण आपण ती रोज न विचारता करतो. 1987 मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात ‘हँडी 1’ रोबोट तयार झाला, तोही सेरेब्रल पाल्सी असलेल्या 11 वर्षांच्या एका मुलाला स्वतःचं स्वतः जेवता यावं म्हणूनच.

आमच्या लोणी काळभोरला इंजिनिअरिंगची भरपूर पोरं राहतात. फायनल इयरला प्रोजेक्ट काय घ्यायचा, हा प्रश्न दरवर्षीचाच. काळ्या पट्टीवर धावणारी गाडी पुन्हा बनवण्याआधी, ओळखीत असं एखादं मूल असेल तर त्याच्या घरी जा. सेन्सर-मोटरचं नंतर बघू. आधी त्यालाच विचारा, “तुला स्वतःचं स्वतः काय करावंसं वाटतं?”